अठरा किलोवॅटची गच्ची: नेरुळमधल्या एका सोसायटीचं प्रकरण

जून २०२४ मध्ये एका रविवारी संध्याकाळी नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा भरली. पाऊस एक सर टाकून थांबलेला, पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. खजिनदार म्हणून मी कॉमन मीटरच्या बिलाच्या ५६ प्रती काढून आणल्या होत्या, दर फ्लॅटला एक. इतकी वर्षं हे बिल वार्षिक हिशेबात 'वीज खर्च' अशा एका ओळीत दडलेलं असायचं. महिन्याचा आकडा पन्नास हजारांच्या पुढे आहे हे बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

इमारत १९९४ ची. दोन विंग, सात मजले, दोन लिफ्ट, पाण्याचे दोन पंप, जिने आणि आवारातले दिवे, सीसीटीव्ही. एवढ्याला महिन्याला सरासरी २,६०० युनिट लागतात. हा वापर काही उधळपट्टीचा नाही. दिवे एलईडीचे केले होते, पंपांना फ्लोट स्विच बसवले होते. तरी बिल एवढं का, याचं उत्तर दराच्या टप्प्यांमध्ये आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे २०२४-२५ मध्ये महावितरणचा घरगुती दर असा होता: पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या वर १६ रुपये ६४ पैसे. प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार (वीज तारांवरून पोहोचवण्याचा) वेगळा, स्थिर आकार वेगळा, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सोसायटीची लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे हे सगळं घरगुती वर्गातच मोजलं जातं. ऐकायला ही सवलत वाटते, कारण दुकानाचा दर लागत नाही. पण टप्पे ठरले आहेत एका कुटुंबाच्या वापरासाठी. ५६ कुटुंबांची लिफ्ट एका मीटरवर आली की दराच्या लेखी ते एकच अति वीज वापरणारं घर ठरतं. आमच्या २,६०० युनिटांपैकी २,१०० युनिट शेवटच्या टप्प्यात जात होते. वहन आकार आणि शुल्क धरलं तर त्यातलं एकेक युनिट २० रुपये ६६ पैशांना पडत होतं.

त्या सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय पहिल्यांदा अधिकृतपणे मांडला. पुढच्या सहा महिन्यांत जे काही झालं ते मी इथे तपशिलाने लिहून ठेवतो आहे. दुसऱ्या सोसायट्यांच्या कमिट्यांना त्यातले खाचखळगे आधी कळावेत हा एक हेतू. दुसरा हेतू असा की राज्याने स्वच्छ विजेसाठी कायदा केला म्हणजे नेमकं काय केलं, हे मला या प्रकरणातच समजलं.

कायदा नेमका कुठे आहे

पहिल्याच बैठकीत आमच्या सेक्रेटरींनी विचारलं, "आपल्या राज्याचा सौर कायदा आहे ना, त्याची प्रत आणा." मी शोधायला बसलो. एक कायदा, एक पुस्तिका असं काहीच हाती लागलं नाही.

अमेरिकेतल्या राज्यांचं चित्र वेगळं आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये कायदा केला की २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय असेल आणि २०४५ पर्यंत ग्राहकांना विकली जाणारी सगळी वीज कर्बमुक्त असेल. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये २०३० साठी ७० टक्के नवीकरणीय आणि २०४० साठी १०० टक्के उत्सर्जनमुक्त वीज असं कायद्यातच लिहिलं. म्हणजे विधेयक, मतदान, सही आणि साल, सगळं एका जागी.

आपल्याकडे वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, ३८ व्या नोंदीत. मूळ कायदा केंद्राचा, विद्युत अधिनियम २००३. त्याच्या कलम ८६ प्रमाणे वितरण कंपनीने एकूण विजेतला किती हिस्सा नवीकरणीय स्रोतांतून घ्यायचा हे राज्याचा आयोग ठरवतो. महाराष्ट्राच्या आयोगाने २०१९ च्या विनियमांत हा हिस्सा दरसाल वाढवत नेऊन २०२४-२५ साठी २५ टक्क्यांवर आणला. तेवढ्यात ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभरासाठी अधिसूचना काढली: २०२४-२५ ला २९.९१ टक्के, तिथून चढत २०२९-३० ला ४३.३३ टक्के. त्यात छतावरच्या आणि इतर छोट्या प्रकल्पांसाठी वेगळा वाटाही राखला, पहिल्या वर्षी १.५ टक्के आणि शेवटच्या वर्षी ४.५ टक्के.

हा वाटा मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या गच्चीवर तयार होणारी वीज आम्हीच वापरतो, पण तिची मोजदाद वितरण कंपनीवरच्या या नवीकरणीय हिश्शाच्या बंधनात धरता येते, तशी तरतूद आयोगाच्या २०१९ च्या छतविषयक विनियमांत आहे. त्यासाठीच पॅनेलकडून येणाऱ्या तारेवर वेगळं जनरेशन मीटर बसतं. म्हणजे नेरुळची आमची गच्ची त्या ४३ टक्क्यांच्या वाटेवरची एक छोटी नोंद आहे. सभेत हे सांगितल्यावर आठवी-नववीतली दोन मुलं जेवढी खूश झाली तेवढं मोठ्यांपैकी कोणी झालं नाही, पण मला ते सांगावंसं वाटलं.

बाकीचे धागे राज्याच्याच निरनिराळ्या कायद्यांत आहेत. वीज शुल्क २०१६ च्या महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियमातून येतं. गच्चीचं काय करायचं हे ठरवण्याचा सर्वसाधारण सभेचा अधिकार १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातून आणि उपविधींतून येतो. आणि आमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे आयोगाने ३० डिसेंबर २०१९ ला अधिसूचित केलेले छतावरील नवीकरणीय वीज निर्मितीचे विनियम. नेट मीटरिंगचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्याला दिलेली वीज बिलातून वजा करून घेण्याचा, हक्क तिथे आहे. असे विनियम विधिमंडळात मतदानाने होत नाहीत. कलम १८१ प्रमाणे त्यांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, आणि कलम १८२ प्रमाणे ते नंतर विधिमंडळापुढे ठेवले जातात. सामान्य ग्राहकाला बोलायची जागा आहे ती या मसुदा आणि हरकतींच्या मधल्या काही आठवड्यांत. त्याकडे मी शेवटी येतो.

मंजूर भार

नेट मीटरिंगचा हिशेब समजायला सोपा आहे. दुपारी पॅनेलची वीज आपल्या वापरापेक्षा जास्त झाली की ती ग्रीडमध्ये जाते आणि मीटर ती मोजतं. रात्री आपण ग्रीडमधून घेतो. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिट वजा होतात आणि उरलेल्याचंच बिल येतं. जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात ओढली जातात. आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिली तर कंपनी ती विकत घेते, पण किरकोळ दराच्या बऱ्याच खालच्या भावाने. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बसवण्यात काही लाभ नाही.

आमची गरज २,६०० युनिटांची. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पावसाळा धरून एक किलोवॅट वर्षाला साधारण १,३०० युनिट देतो, म्हणजे महिन्याला ११० च्या आसपास. त्या हिशेबाने २३-२४ किलोवॅट लागले असते. पहिल्या ठेकेदाराने त्याच्या जवळपास, २२ चं, कोटेशन दिलंही. ते हातात घेऊन मी वीजबिल पुन्हा वाचलं, आणि वरच्या कोपऱ्यात छापलेल्या 'मंजूर भार' या ओळीवर अडकलो. मंजूर भार म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येईल याची कंपनीने मान्य केलेली मर्यादा. तिथे १५ किलोवॅट होतं.

आयोगाच्या विनियमांप्रमाणे नेट मीटरिंगखालचा प्रकल्प ग्राहकाच्या मंजूर भारापेक्षा मोठा असू शकत नाही. कोटेशनमध्ये याचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर उत्तर आलं, "ते होऊन जातं, साहेब." होऊन जात नाही. भार वाढवायला वेगळा अर्ज लागतो, वाढीव सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि तो मंजूर होईपर्यंत सौरचा अर्ज पुढे सरकत नाही. या एका कारणावरून आम्ही तो ठेकेदार बाजूला ठेवला. जो माणूस तुमचं बिल नीट न वाचता कोटेशन देतो त्याला गच्चीला भोकं पाडू देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

त्याआधी आणखी एक अडचण निघाली, आणि ती आमचीच होती. तीस वर्षांत कॉमन मीटर सोसायटीच्या नावावर करायचंच राहून गेलं होतं. बिलावर अजून बिल्डरच्या फर्मचं नाव. बिल भरलं जात होतं, वीज येत होती, त्यामुळे कोणाला खटकलं नाही. पण अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज भरताना ग्राहकाचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळत नाही म्हटल्यावर सगळं तिथेच थांबलं. नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, जुन्या पावत्या शोधण्यात आणि नाव बदलून घेण्यात सहा आठवडे गेले. हे वाचणाऱ्या प्रत्येक कमिटी सदस्याने आज घरी गेल्यावर सोसायटीच्या बिलावर कोणाचं नाव आहे एवढं तरी बघावं.

मग प्रश्न उरला किती किलोवॅटचा. १५ वरच थांबायचं, की भार वाढवून २२ करायचे? दुसऱ्या विंगमधल्या वहिनी बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी टप्प्यांचा तक्ता मांडून दाखवला आणि माझे डोळे उघडले. सौर विजेचं प्रत्येक युनिट बिलाच्या वरच्या टोकातून कापलं जातं, म्हणजे सगळ्यांत महाग युनिट आधी जातं. १५ किलोवॅटची १,६५० युनिट शेवटच्या टप्प्यातूनच वजा होतात, दरेक २० रुपये ६६ पैशांचं. प्रकल्प २२ चा केला तर शेवटची काही युनिट खालच्या टप्प्यांतून कापली जातात आणि त्यांची किंमत तेरा रुपयांपर्यंत उतरते. वहिनींच्या तक्त्यात १८ किलोवॅटला, म्हणजे महिन्याच्या १,९८० युनिटांना, शेवटचा टप्पा जवळजवळ पूर्ण पुसला जात होता.

गच्चीनेही १८ लाच दुजोरा दिला. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून आमच्याकडे २,२०० चौरस फूट होते खरे, पण पश्चिमेच्या प्लॉटवर जुनी इमारत पाडून उंच टॉवर चढतो आहे. दुपारी तीननंतर त्याची सावली गच्चीच्या एका पट्ट्यावर यायला लागली होती. तो पट्टा सोडला. भार २० किलोवॅट करून घ्यायचा आणि प्रकल्प १८ चा ठेवायचा असं ठरलं.

रोहित्राचं (ट्रान्सफॉर्मरचं) काय, हा पुढचा टप्पा. एका रोहित्रावर जोडलेल्या सगळ्या छतांची एकत्र क्षमता त्या रोहित्राच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते. २०१५ च्या जुन्या विनियमांत ही मर्यादा ४० टक्के होती. आमच्या ओळीला वीज देणारं रोहित्र ३१५ केव्हीएचं आहे, त्यावर २२० किलोवॅटच्या आसपास छतं बसू शकतात. सध्या आमच्याआधी एकच इमारत होती, त्यामुळे प्रश्न आला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्राहक हक्क नियम बदलले, त्यानुसार १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीच लागत नाही आणि त्यावरच्या प्रकल्पांची तपासणी २० ऐवजी १५ दिवसांत व्हायची असते. आमची मुदतीत झाली. पण या रोहित्रावर एकूण अकरा सोसायट्या आहेत. सगळ्यांनी आमच्याएवढं बसवलं तर बेरीज दोनशेच्या जवळ जाते, आणि सगळ्यांनाच काही अठरावर थांबायचं नसणार. जो उशिरा येईल त्याला जागा कमी पडेल, म्हणून मी शेजारच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना हे आवर्जून सांगत असतो.

पाडायच्या इमारतीवर पॅनेल?

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत खरी लढाई झाली. विरोध करणारे लोक चुकीचे नव्हते, आणि त्यांच्यामुळे योजना चांगली झाली हे मी मनापासून लिहितो.

पहिला मुद्दा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. "इमारत तीस वर्षांची झाली. आजूबाजूला सगळीकडे रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत. पाच वर्षांत आपणही पाडणार. मग बारा लाख गच्चीवर कशाला ओतता?" नवी मुंबईत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सभेत येतो आणि त्याच्यापुढे सगळ्या दुरुस्त्या थांबतात. गळती चालते, लिफ्ट कुरकुरते, कारण 'आता पाडायचीच आहे'. आम्ही हिशेब समोर ठेवला. उंच सांगाड्यासह १८ किलोवॅटचा खर्च सव्वाबारा लाख. केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे, म्हणजे ३ लाख २४ हजार. उरतात नऊ लाख. महिन्याची बचत ४० हजार धरली तर पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतात. पॅनेल आणि इन्व्हर्टर उतरवून दुसरीकडे नेता येतात. आणि पुनर्विकासाच्या वाटाघाटी पाच वर्षांत संपतील याची खात्री कोण देणार? काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सांगाडा नटबोल्टचा करा, वेल्डिंगचा नको. उद्या सोडवता आला पाहिजे." ती अट आम्ही जशीच्या तशी कंत्राटात घातली.

दुसरा मुद्दा सातव्या मजल्याचा. त्यांच्या छताला आधीच ओल आहे, आणि स्लॅबला अँकर ठोकले तर पावसाचं पाणी थेट त्यांच्या खोलीत येणार ही त्यांची भीती रास्त होती. तीस वर्षांच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट तसंही लागणारच होतं, ते आधी उरकलं. इंजिनिअरने अहवालात दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि सांगाड्याचे पाय स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या जड चौथऱ्यांवर, शक्य तिथे खालच्या खांबांच्या रेषेत ठेवायला सांगितले. जलरोधनाचं काम पॅनेलच्या आधी केलं. यात लाख-दीड लाख वेगळे गेले, ते दुरुस्ती निधीतून. तो खर्च सौरच्या हिशेबात धरू नका असा आग्रह काहींनी केला, कारण गळती तशीही दुरुस्त करायची होती. मला तो पटला.

तिसरा मुद्दा सगळ्यांत अवघड होता. पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी विचारलं, "माझ्या घरच्या बिलात किती कमी होणार?" उत्तर होतं: काहीच नाही. आमची जोडणी कॉमन मीटरची, त्यामुळे वजावट त्याच मीटरवर. फायदा येतो तो मेंटेनन्समधून. आणि मावशी लिफ्ट वापरतच नाहीत. त्यांचा राग मला समजत होता, कारण टीव्हीवरच्या जाहिरातीत घरचं बिल शून्य होताना दिसतं. आम्ही ठराव असा केला की पैसे वसूल झाल्यावर होणारी बचत निधीत न मुरवता सगळ्या फ्लॅटना सारख्या रकमेने मेंटेनन्समध्ये वळती करायची. एकमत झालं नाही. ३४ विरुद्ध ९ मतांनी ठराव मंजूर झाला, बाकीचे गैरहजर. मावशींनी विरोधात मत दिलं, आणि नंतर गच्चीवर चौथऱ्यांचं काम चालू असताना कामगारांना चहाही त्यांनीच पाठवला.

गच्ची आमची राहावी अशी सगळ्यांची इच्छा होती. पापड, कुरडया, गोधड्या वाळवायच्या, कोजागिरीला दूध आटवायचं. म्हणून सांगाडा डोक्याच्या बराच वर घेतला. त्याने खर्च किलोवॅटमागे काही हजारांनी वाढला. माझ्या मते तो सगळ्यांत शहाणपणाचा खर्च होता. गच्ची बंद झाली असती तर ठराव पडलाच असता.

पहिलं वर्ष

डिसेंबर २०२४ मध्ये नेट मीटर बसलं. अनुदानासाठी पॅनेल देशात बनलेल्या सेलचीच लागतात, तशी मिळायला तीन आठवडे थांबावं लागलं. बाकी काम आठ दिवसांत झालं.

वर्षभरात २०,९०० युनिट तयार झाली. अंदाज २३,७६० चा होता. तूट कुठे आली हे महिन्यांच्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. मार्च-एप्रिल-मेमध्ये अंदाजापेक्षा थोडी जास्तच. जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर. आणि ऑक्टोबरनंतर टॉवरचे आणखी मजले चढल्यावर दुपारची वीज आधीपेक्षा लवकर मावळायला लागली. जानेवारीत आणखी एक गोष्ट कळली: आवाराबाहेर रस्त्याचं काम चालू होतं, त्याच्या धुळीने पॅनेल राखाडी झाले होते. धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी आकडा चढला. आता पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर धुतो, टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी साठवून.

२०२४-२५ च्याच दराने तुलना केली तर महिन्याचं सरासरी बिल पन्नास हजारांवरून पंधरा हजारांपर्यंत उतरलं. नऊ लाख वसूल व्हायला २२ ऐवजी २५ महिने लागतील. सभेला दिलेल्या शब्दापेक्षा तीन महिने जास्त, आणि मी ते पुढच्या सभेत आकड्यांसह सांगितलं.

रात्री लिफ्ट चालते ती अजून मुख्यतः कोळशाच्या विजेवर. नेट मीटरिंग हा हिशेब आहे, साठवण नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण 'आमची सोसायटी शंभर टक्के सौर' अशा पाट्या मी पाहिल्या आहेत आणि त्या मला खटकतात. दुपारी आम्ही ग्रीडला देतो तेव्हा ऊन सगळीकडेच असतं, म्हणजे सौर वीज तिथे आधीच भरपूर असते, आणि संध्याकाळी सात वाजता सगळे घरी येऊन लिफ्ट, पंप, एसी लावतात तेव्हा ग्रीडला विजेची गरज जास्त असते. वितरण कंपनीची ही अडचण खरी आहे, आणि पुढच्या वादाचं मूळ त्यातच आहे.

युनिटाला युनिट

आमचा सगळा हिशेब एका वाक्यावर उभा आहे: दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटाइतक्याच किमतीचं. हे वाक्य २०१९ मध्ये जवळजवळ गेलं होतं. आयोगाच्या त्या वर्षीच्या मसुद्यात नेट मीटरिंग महिन्याला ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरतं ठेवून बाकीच्यांना नेट बिलिंगवर नेण्याचा प्रस्ताव होता. नेट बिलिंगमध्ये तुमची जास्तीची वीज घाऊक भावाने घेतली जाते आणि रात्रीची तुम्ही किरकोळ दराने विकत घेता. २,६०० युनिटांचं आमचं मीटर त्या ३०० च्या कुठल्या कुठे बाहेर होतं. राज्यभरातून हरकती गेल्या, सुनावणी झाली, आणि अंतिम विनियमांत ती अट वगळली गेली. ग्रीडच्या वापरासाठी आकारणीची तरतूद राहिली, पण राज्यातली छतांची एकूण क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत ती लावायची नाही असं ठरलं, आणि १० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पांना तिच्यातून सूट मिळाली. त्या वेळी ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यापैकी मी कोणालाही ओळखत नाही. मी स्वतः तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं. आमची महिन्याची पस्तीस हजारांची बचत त्यांच्या पत्रांवर उभी आहे.

कॅलिफोर्नियातलं उदाहरण इथे पुन्हा आठवतं. २०१८ च्या कायद्यातलं २०४५ चं उद्दिष्ट तिथे आजही कायम आहे. पण तिथल्या नियामक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये छतावरच्या विजेचा हिशेब बदलला, आणि एप्रिल २०२३ च्या मध्यानंतर अर्ज करणाऱ्यांना ग्रीडला दिलेल्या युनिटाचा मोबदला आधीच्या साधारण चौथाईवर आला. जुन्या ग्राहकांना त्यांचा करार ठरावीक वर्षांपर्यंत टिकवून दिला. २०४५ च्या उद्दिष्टाला कोणी हात लावला नाही, तरी नव्या छतांची मागणी कोसळली. आपल्या राज्यानेही साल आणि टक्के सांगणारा स्वतंत्र कायदा करावा असं मला वाटतं, त्याने वितरण कंपनीपासून महापालिकेपर्यंत सगळे एका तारखेला बांधले जातील. पण त्या कायद्यात एक कलम हवं: ज्याने ज्या नियमाच्या भरवशावर गच्चीवर पैसे घातले, त्याचा हिशेब ठरलेल्या मुदतीपर्यंत बदलायचा नाही.

ही चिंता कल्पनेतली नाही. आमचं मीटर बसून महिना होत नाही तोच, २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावात दिवसाच्या वेळेनुसार दर आणि छतावरच्या विजेची वजावट सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरापुरती ठेवण्याचा मुद्दा आला. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री झोपायची कोणाचीच तयारी नव्हती. मागच्या सभेत विरोधात मत दिलेल्या दोघांनी मला फोन केला, आणि दोघांच्याही आवाजात 'बघ, सांगितलं होतं' असा सूर नव्हता, काळजी होती. सौर बसवलेल्या सोसायट्यांनी आणि ग्राहकांनी हरकती दिल्या, या वेळी आमच्या लेटरहेडवरही एक गेली. त्यात आम्ही अडीच पानं लिहिली: टप्प्यांचा तक्ता, ५६ कुटुंबं आणि एक मीटर, नऊ लाखांचा हिशेब, आणि शेवटी काकांचा नटबोल्टचा सांगाडा. २८ मार्चला आयोगाचा आदेश आला, त्याला लगेच स्थगिती मिळाली, आणि २५ जूनला फेरविचाराचा आदेश निघाला. चार महिन्यांत तीनदा मी वहिनींकडे जाऊन तक्ता नव्याने मांडून घेतला.

आम्ही दिवसा वीज वापरायला मात्र शिकलो. पंप आता सकाळी ११ आणि दुपारी २ ला चालतात. टाक्या त्याआधी रिकाम्या होऊ नयेत म्हणून वरच्या टाकीची क्षमता वाढवायचा प्रस्ताव आहे. पार्किंगमध्ये पाच इलेक्ट्रिक स्कूटर आणि एक गाडी आली आहे. त्यांच्यासाठी चार्जरची जोडणी कॉमन मीटरवरून द्यायची की वेगळी घ्यायची, हा पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा चौथा विषय आहे. मावशींच्या नातवाची स्कूटर त्या पाचांपैकी एक आहे, आणि या वेळी ठराव मांडणार आहेत त्या स्वतः.